तिसरा हात

१

सोमवारी सकाळी सतरा उंदीर निरोगी निघाले आणि माझ्या पुतणीवर फसवणुकीचा आरोप आला.

मी संस्थेचा ग्रंथपाल. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण जुन्या नियतकालिकांची सूची अजून पुरी झालेली नाही म्हणून आठवड्यातले पाच दिवस येतो. मला घरी पाठवायचं राहून गेलंय असं काही जणांना वाटतं. मलाही अधूनमधून तसंच वाटतं. पुतणी दुसऱ्या मजल्यावर औषध विभागात संशोधन करते. ती बारा वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. लहानपणी तिची बडबड थांबायची नाही, म्हणून घरात तिला टिटवी म्हणतात. त्या दिवशी मात्र ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बोललीच नाही.

"काका, मॅडमनी माझी नोंदवही ठेवून घेतली," ती शेवटी म्हणाली.

मॅडम म्हणजे औषध विभागाच्या प्रमुख. प्रकार असा होता. विभागात जंतांवरचं एक नवं औषध तयार झालं होतं. ते तपासायचं तर आधी जंत असलेले उंदीर हवेत. पाच आठवड्यांपूर्वी टिटवीने आठ पिंजऱ्यांतल्या चाळीस उंदरांना जंतांची अंडी पाण्यातून पाजली होती, प्रत्येकाला चाळीस. उंदीर एकाच वाणाचे, एकाच वयाचे, आणि अंडी एकाच बाटलीतली. आता लेंड्या तपासल्या तर पहिल्या चार पिंजऱ्यांत सगळ्यांना जंत होते. पाचव्यात पाचांपैकी तिघांना होते. सहाव्या, सातव्या आणि आठव्या पिंजऱ्यात एकालाही नव्हते.

"मॅडम म्हणतात, बाटली मध्येच संपली असणार. मग उरलेल्या सतरा जणांना मी नुसतं पाणी पाजलं आणि वहीत चाळीस-चाळीस लिहून मोकळी झाले."

"पाजलंस का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला चष्मा पुसावासा वाटला.

"तुम्हीसुद्धा, काका?"

"मी काका आहे म्हणूनच विचारतो. नाहीतर विचारायचं टाळलं असतं."

"नाही पाजलं. बाटली पुरली. शेवटच्या उंदरापर्यंत बरोबर पुरली."

गुरुवारी अकरा वाजता मॅडम कागद संचालकांकडे पाठवणार होत्या. ते गेले की तिची तीन वर्षांची मेहनत आणि पदवी, दोन्ही गेली असती.

२

"आयुष्यभर रहस्यकथा वाचून डोळे घालवलेत," आमच्या सौभाग्यवती पोळपाट आपटत म्हणाल्या. "आता एक तरी सोडवा."

"पुस्तकातली सोडवणं वेगळं. शेवटची पानं असतात तिथे."

"मग शेवटची पानं तुम्हीच लिहा. पोर सकाळपासून जेवलेली नाही."

मंगळवारी सकाळी मी प्राणीघरात गेलो. इतक्या वर्षांत तिथे पाऊल टाकल्याचं आठवत नाही. लांबट खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, त्यांवर झाकणांचे पिंजरे आणि प्रत्येक पिंजऱ्यात लाकडाचा भुसा. ही खोली सांभाळणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. वयाने ते माझ्याहून लहान आहेत, पण मीही मामाच म्हणतो.

"या, पुस्तकवाले," मामा म्हणाले. "कोणी माझं नाव घेतलंय का? उंदरांची दया येऊन मी चोरून औषध दिलं म्हणून?"

"कोणी घेतलं नाही. पण दिलं का?"

मामा हसले. "अहो, औषधाच्या कपाटाला मॅडमचं सील आहे. ते पुढच्या आठवड्यात उघडायचंय. सील जसंच्या तसं आहे, मॅडमनी स्वतः पाहिलं. आणि दया यायची तर तीनच पिंजऱ्यांची का येईल? मला सगळे सारखेच."

"त्या तीन पिंजऱ्यांत वेगळं काही दिसलं का, या पाच आठवड्यांत?"

मामांनी कान खाजवला. "बुळबुळीत."

"काय?"

"भुसा. तिसऱ्या आठवड्यात सहा, सात आणि आठ या पिंजऱ्यांचा भुसा मला रोज बदलावा लागला. लेंड्यांबरोबर शेंबडासारखं काहीतरी पडत होतं. वजनंही जराशी उतरली होती. मग चार-पाच दिवसांत आपोआप ठीक झालं. मी तक्त्यावर लिहिलंय, पण माझा तक्ता वाचतो कोण?"

मी वाचला. मला कोणी न वाचलेले तक्ते वाचायची सवय आहे. मामांनी लिहिलं होतं ते खरं होतं, आणि ते मला अजिबात कळलं नाही. नुसतं पाणी प्यालेला उंदीर तिसऱ्या आठवड्यात आजारी कशाला पडेल?

३

मॅडमच्या खोलीत मी दहा मिनिटं उभा होतो. बसा म्हणाल्या तेव्हा बसलो.

"ग्रंथपाल, तुमची पुतणी आहे म्हणून सांगते, मला यात आनंद नाही," त्या म्हणाल्या. "पण या औषधावर माझी सात वर्षं गेलीत. खोट्या उंदरांवर ते तपासलं असतं तर?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. माझं असंच होतं, समोरच्याचं म्हणणं मला फार लवकर पटतं.

"मला फक्त लेंड्यांमधल्या अंड्यांचे आकडे बघायला मिळतील का?"

त्यांनी कागद पुढे सरकवला. प्रत्येक पिंजऱ्याची सरासरी होती. पहिल्याची एकशे वीस. दुसऱ्याची एकशे नव्वद. तिसऱ्याची तीनशे दहा. चौथ्याची चारशे साठ. पाचव्यातले तीन उंदीर सहाशेच्या घरात आणि दोन शून्यावर. त्यापुढे सगळी शून्यं.

मी सूची करणारा माणूस आहे. आकडा चढत गेला की मला तो शिडीसारखा दिसतो.

"मॅडम, हे वाढत जातंय."

"मग?"

"बाटली संपून पाणी पाजलं असतं, तर आधीचे आकडे सारखे असते आणि मग एकदम शून्य आलं असतं. इथे प्रत्येक पिंजऱ्याला आधीच्यापेक्षा जास्त अंडी मिळालेली दिसतायत. वाढत वाढत जाऊन मग शून्य."

मॅडमनी कागद स्वतःकडे फिरवला आणि बराच वेळ पाहिला. "विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "पण विचित्र म्हणजे निर्दोष नव्हे. गुरुवारी अकरा."

"आणि चाळीसच अंडी का देतात?"

"इथे चाळीसच देतात. माझ्या आधीपासून."

४

अंडी पाजायचं काम दोघांचं असतं. टिटवीबरोबर असायचा तो विभागातला वरिष्ठ साहाय्यक. त्याला सगळे घड्याळ म्हणतात, कारण तो प्रत्येक नोंद मिनिटासकट करतो. टिटवीला सगळं काम त्यानेच शिकवलं, ती त्याला दादा म्हणते.

"मी होतो ना तिथे," घड्याळ म्हणाला. "वहीत सही आहे माझी. दहा ते बारा. तिने पाणी पाजलेलं मी तरी पाहिलं नाही. पण माझं लक्ष बाटलीकडे असतं, तिच्याकडे नाही."

"तुमचं काम नेमकं काय असतं?"

"बाटली धरायची. दुसरं काय!" तो जरा जास्तच मोठ्याने हसला. "तिच्या एका हातात उंदीर, दुसऱ्या हातात सिरिंज. तिसरा हात माझा."

मी खाली वाचनालयात आलो. त्याच्या बोलण्यातलं काहीतरी टोचत होतं. दहा ते बारा. हा माणूस कधी नुसतं "दहा" लिहीत नाही. तो दहा वाजून दोन मिनिटं लिहितो.

आमच्या वाचनालयात येण्याजाण्याची वेळ लिहायची वही असते. मी या वहीचा आग्रह धरतो म्हणून लोक माझी थट्टा करतात. पाच आठवड्यांपूर्वीचं पान उघडलं. त्याच दिवशी, त्याच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: येणं दहा वाजून बारा, जाणं अकरा पंचावन्न.

दुपारी तो वाचनालयात आला. मला अशा वेळी बोलता येत नाही. ते पान उघडं ठेवून मी वही त्याच्या बाजूला वळवली आणि पेन पुढे केलं.

त्याने पान वाचलं. पेन घेतलं नाही.

"दुसऱ्या संस्थेत मुलाखत होती," तो हळूच म्हणाला. "तयारी करत बसलो होतो. घरी दोन लहान मुलं, तिथे वाचन होत नाही. मी तिला म्हटलं, दोन तास सांभाळून घे. तुम्ही हे मॅडमना दाखवणार?"

"आधी मला एवढं सांगा. तुम्ही नव्हता, तर बाटली कोणाच्या हातात होती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोणाच्याच नाही," तो म्हणाला. "टेबलावर."

५

संध्याकाळी टिटवीने सगळं सांगितलं.

"दादांनीच मला या कामात उभं केलं, काका. त्यांचं नाव कसं घेणार? आणि बाटली धरणं म्हणजे काय मोठं काम? मी सुरुवातीला चांगली हलवून घेतली होती."

"सुरुवातीला एकदाच?"

"हात कुठे होता मला? एकदा उंदीर पकडला की..." ती थांबली. "दादा बाटली नुसती धरत नाहीत. दर उंदरामागे उलटीसुलटी करतात."

"आणि नाही केली तर?"

"अंडी जड असतात. खाली बसतात."

"तू सिरिंज कुठून भरतेस, तळातून?"

"नाही, वरून. तळाला टेकवली तर गाळ अडकतो." आता तिचा आवाज टिटवीसारखा चढत गेला. "म्हणजे पहिल्यांना पातळ पाणी मिळालं. बाटली रिकामी होत गेली तसं दाट. आणि शेवटच्या पिंजऱ्यांना तळ! काका, आकड्यांची शिडी तिथून आली."

सौभाग्यवतींनी तिच्यापुढे ताट ठेवलं. तिने पहिला घास घेतला आणि तो हातातच राहिला.

"पण मग शेवटच्या तीन पिंजऱ्यांना सगळ्यांत जास्त अंडी गेली," ती म्हणाली. "दोनशे, कदाचित त्याहून जास्त. त्यांच्या पोटात जंतांची जत्रा भरायला हवी. तिथे तर एकही नाही."

घास ताटात परत गेला. मी शोधलेल्या उत्तराने कोडं सुटायच्या ऐवजी उलटंच उभं राहिलं होतं. ज्यांना थोडं विष मिळालं ते आजारी आणि ज्यांना भरपूर मिळालं ते ठणठणीत, असं मी गुरुवारी सांगितलं असतं तर मॅडमनी मला पाणी दिलं असतं आणि दार दाखवलं असतं.

६

चाळीस. बुधवारी सकाळी जाग आली ती या आकड्याने.

औषध विभागात मॅडमच्या आधी एक गृहस्थ होते. ते गेले तेव्हा त्यांच्या हातच्या वह्या कोणालाच नको होत्या, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. माझ्याकडे असंच सगळं येतं. मी त्या बांधून तिसऱ्या कपाटात ठेवल्या होत्या. नवव्या वहीत मला ते पान मिळालं. वेगवेगळ्या उंदरांना दहा, चाळीस, शंभर, दोनशे अंडी देऊन पाहिली होती, आणि खाली एकच ओळ होती: "चाळीसच्या वर जाऊ नये. जास्त दिली की उंदीर जागा होतो, सगळे जंत बाहेर टाकतो."

मी खुर्चीत बसलो आणि कसरीचा विचार करू लागलो. पुस्तकं खाणारा तो चंदेरी किडा एखाददुसरा दिसला की मी पान झटकून पुढे जातो. तो राहतो, पिलं घालतो, वर्षानुवर्षं खातो. पण कपाट उघडल्यावर शंभर दिसले तर मी कपाट रिकामं करतो, पुस्तकं उन्हात घालतो, आणि एकही उरत नाही. थोड्या किड्यांनीच माझी पुस्तकं जास्त खाल्ली आहेत.

पण मी टिटवीचा काका आहे. मला हवं तेच मला दिसत नसेल कशावरून? म्हणून ती वही काखेत घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर चढलो. तिथे रोगप्रतिकाराचा विभाग आहे. औषधवाले तिथे जात नाहीत आणि तिथले लोक खाली उतरत नाहीत. मध्ये फक्त बावीस पायऱ्या आहेत.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे आमच्याकडे जुनं झालं. थोडे जंत आले की उंदराचं शरीर चुकीची फौज पाठवतं. ती फौज सूक्ष्म जंतूंशी लढायची, तिच्याने जंत हलत नाहीत, आणि ते घर करून राहतात. एकदम भरपूर आले की दुसरी फौज उठते. आतड्यात चिकट स्राव सुटतो, आतडं स्वतःला धुऊन काढतं, आणि जंत..."

"बुळबुळीत भुसा," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"तिसऱ्या आठवड्यात. तक्त्यावर आहे."

त्या माझ्याकडे नव्याने पाहू लागल्या. "रक्त घेतलं होतं का या उंदरांचं?"

"सगळ्यांचं. नियमाप्रमाणे. फ्रीजरमध्ये पडून आहे, औषधवाल्यांना लागत नाही."

"मग उत्तर तुमच्या फ्रीजरमध्येच आहे. प्रत्येक फौज रक्तात आपापल्या जातीची अँटिबॉडी सोडून जाते, चुकीची फौज पहिल्या जातीची, दुसरी फौज दुसऱ्या. आणि नुसतं पाणी प्यालेल्याच्या रक्तात यांतली कुठलीच नसेल."

मी बावीस पायऱ्या उतरून मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, मला चूक ठरवू शकेल अशी एक परीक्षा सापडली आहे. त्या शब्दांनीच बहुधा त्या तयार झाल्या. त्यांनी अट घातली. नळ्यांवर पिंजऱ्याचा आकडा नको. मामांनी सगळ्या नळ्यांना स्वतःच्या खुणा केल्या, त्यांत कधीच अंडी न पाजलेल्या तीन उंदरांचं रक्तही मिसळलं, आणि खुणांची यादी मॅडमच्या खणात बंद झाली. कोणत्या पिंजऱ्यात काय निघेल ते मी लिहून पाकिटात घातलं. पाकीट चिकटवून मॅडमच्या हातात दिलं. ते चूक निघालं तर टिटवीच्या गळ्यात दोर मीच अडकवला असता.

७

गुरुवारी अकराला मॅडमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. डॉक्टरीणबाईंच्या हातात कागद होता. त्यांनी तोंड उघडायच्या आत घड्याळ उभा राहिला.

"निकाल ऐकायच्या आधी मला बोलायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी दहा ते बारा मी तिथे नव्हतो. दहा वाजून बारा मिनिटांपासून अकरा पंचावन्नपर्यंत वाचनालयात होतो. बाटली हलवायला कोणी नव्हतं, कारण मी नव्हतो. खोटी सही माझी आहे. तिने ती माझ्यासाठी चालवून घेतली."

मॅडमनी त्याला हाताने बसायची खूण केली. त्यांनी खण उघडला आणि यादी काढली. डॉक्टरीणबाई खुणा वाचत गेल्या, मॅडम पिंजरे लावत गेल्या.

"फुली. दोन्ही जाती शून्य."

"कधीच न पाजलेला."

"गोल. पहिली जात, भरपूर."

"दुसरा पिंजरा."

"त्रिकोण. दुसरी जात." डॉक्टरीणबाई थांबल्या. "यंत्राचा काटा टोकाला गेलाय."

मॅडमचं बोट यादीवर फिरलं. "आठवा पिंजरा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या घाईने बोटं फिरवू लागल्या. सातवा, दुसरी जात. सहावा, दुसरी जात. आठवा, पुन्हा आठवा. पाचव्या पिंजऱ्यातल्या पाचांपैकी तिघांत पहिली, दोघांत दुसरी, आणि ते दोघे तेच, ज्यांच्या लेंड्या स्वच्छ होत्या. सतरापैकी एकाचंही रक्त नुसतं पाणी प्यालेल्याचं नव्हतं.

मॅडमनी माझं पाकीट फोडलं. वाचलं. मग तो कागद आणि डॉक्टरीणबाईंचा कागद शेजारी शेजारी ठेवला. एकही ओळ वेगळी नव्हती.

"यांना सगळ्यांत जास्त अंडी मिळाली," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणून यांच्यात एकही जंत उरला नाही. आणि मी सात वर्षं चाळीस का देतात हे विचारलं नाही."

त्यांनी टिटवीची नोंदवही उचलली आणि तिच्या हातात दिली.

"खोट्या सहीची ताकीद दोघांनाही मिळेल. लेखी. कळलं?"

"हो, मॅडम."

"आणि फसवणुकीचा कागद..." त्यांनी तो उभा-आडवा फाडला. "आता मला सांग, पाचव्या पिंजऱ्यात जिथे वारं फिरलं, तो आकडा नेमका किती? साठ? ऐंशी? शंभर? हे शोधणार कोण?"

टिटवी बोलायला लागली. ती इतकी बोलली की डॉक्टरीणबाई मध्येच खुर्ची ओढून बसल्या, मामा हसू लागले, आणि मॅडमना शेवटी हात वर करावा लागला. मी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होतो. यावेळी त्याची खरोखर गरज होती.

८

त्या सतरा उंदरांना पुन्हा अंडी पाजली, प्रत्येकाला मोजून चाळीस. पाच आठवड्यांनी त्यांच्यात एकही जंत नव्हता. त्याच बाटलीतून पाजलेल्या नवख्या उंदरांत सगळ्यांना होते. एकदा जागी झालेली फौज पुन्हा झोपली नव्हती. मॅडमनी ते आकडे स्वतः फळ्यावर लिहिले आणि पंधरा दिवस कोणाला पुसू दिले नाहीत. दुसरा आणि तिसरा मजला आता एकत्र काम करतात. बावीस पायऱ्या झिजायला लागल्या आहेत असं मामा म्हणतात.

घड्याळ मुलाखतीत पास झाला आणि गेला. जाताना त्याने वाचनालयाच्या वहीत वेळ लिहिली, मिनिटासकट.

त्यामुळे नव्या प्रयोगाला माणूस कमी पडला. टिटवी माझ्याकडे आली.

"काका, दोन तास मोकळे आहात?"

"मला उंदरांची भीती वाटते."

"उंदीर मी धरणार. तुम्ही फक्त बाटली."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी पांढरा डगला घालून प्राणीघरात स्टुलावर बसतो. ती उंदीर उचलते, सिरिंज भरते, पाजते. मी बाटली उलटी करतो, सुलटी करतो. उलटी, सुलटी. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाणी ढवळल्यासारखं होतं तेवढं दिसतं.

"हलवताय ना?" ती मान वर न करता विचारते.

"हलवतोय गं."

मॅडमनी नोंदवहीत एक नवा रकाना आखला आहे: बाटली कोणाच्या हातात. त्यात पहिली सही माझी आहे, मिनिटासकट.